हातभर कापड, वीतभर ग्रंथ

आइसलंडची राजधानी रेक्याविक येथील राष्ट्रीय संग्रहालयात प्रवेश केला की पाहुण्यांची पावले प्रथम तलवारींकडे वळतात. उत्तर समुद्रातील दर्यावर्दी लुटारूंच्या कथा सर्वांच्याच कानांवर असतात, त्यामुळे हे स्वाभाविक आहे. व्यापारी घरात वाढलेल्या माणसाने मात्र तलवारींपाशी फार वेळ घालवू नये. त्याने जुन्या लोकरी कापडाच्या तुकड्यांपाशी थांबावे. रंग तपकिरी, कडा कुजलेल्या, आकार पायपुसण्याएवढाही नाही. आपल्या दुकानात असा तुकडा कोणी कातरणीतही ठेवणार नाही. पण मध्ययुगातील काही शतके या देशाचे चलन हेच होते. कर, दंड, गाईची किंमत, बोहऱ्याची बाकी, सारे या कापडात मोजले जाई.

युरोपातील मोठ्या संग्रहालयांत राजमुकुट आणि रत्नजडित पात्रे पाहून आलेल्याला आइसलंडचे दालन गरीब वाटेल, आणि ते गरीब आहेच. या बेटावर राजा नव्हता, नगर नव्हते, उंच झाडे नव्हती, धान्य जेमतेम पिके. १८६३ साली हे संग्रहालय सुरू झाले ते एका गृहस्थाने दिलेल्या १५ वस्तूंवर. तोवर जुन्या वस्तू सापडल्या की डेन्मार्ककडे रवाना होत. कारण बेट डॅनिश राजाच्या अमलाखाली होते. २००४ साली नव्याने मांडलेल्या कायम प्रदर्शनात आज सुमारे २००० वस्तू आहेत. एवढ्या थोड्या सामग्रीतून हजार वर्षांचा संसार उभा करायचा, म्हणून तेथील मांडणारे प्रत्येक वस्तूला बोलके करतात. एक मणी, एक चाती, मागाला बांधायचा एक दगड, यांनाही तेथे स्वतंत्र जागा आहे.

वस्ती कधी झाली, याचा पुरावा पाहायचा तर संग्रहालयातून निघून जुन्या शहरातील आदाल्स्त्राइती या रस्त्यावर जावे. २००१ साली तेथे बांधकामासाठी खोदताना दहाव्या शतकातील एका लांबट घराचा पाया लागला. हॉटेल वर बांधले आणि घर खाली तसेच जपले; २००६ पासून ते लोकांना पाहता येते. सुमारे वीस मीटर लांबीचे हे घर, मध्यभागी चूल, भिंती गवताळ मातीच्या ढेकळांच्या. त्याजवळच भिंतीचा एक तुकडा आहे, तो याहूनही जुना. त्याच्यावर ज्वालामुखीच्या राखेचा थर बसलेला आहे. तीच राख ग्रीनलंडच्या बर्फातही सापडली आणि बर्फाचे वार्षिक थर मोजून शास्त्रज्ञांनी तिचे वर्ष ठरविले: ८७१, दोन वर्षे इकडे किंवा तिकडे. राखेखाली भिंत, म्हणजे माणूस त्याआधी आलेला. हिशेब असा की कोणत्याही मुनीमाला पटावा. प्रदर्शनाच्या नावातच त्यांनी हा आकडा ‘दोन वर्षे कमी-अधिक’ या कबुलीसह घातला होता, हे मला विशेष आवडले.

आता कापडाकडे येऊ.

१९३८ साली देशाच्या पूर्व भागात रस्त्याचे काम चालू असताना एका तरुण स्त्रीची कबर उघडी पडली. दहाव्या शतकाच्या आरंभीची. तिच्या अंगावर पितळी घडणीचे फुगीर बिल्ले होते. त्या धातूच्या सान्निध्यामुळे गालाची थोडी कातडी आणि वस्त्राचे तुकडे हजार वर्षे टिकले. २०१५ साली राष्ट्रीय संग्रहालयाने केवळ या एका स्त्रीवर प्रदर्शन मांडले. तिच्या दातांच्या परीक्षणावरून असे दिसले की ती बेटावर जन्मलेली नव्हती. पाच ते दहा वर्षांची असताना ती समुद्र ओलांडून आली आणि पंचविशीच्या आतच गेली. तिचे नाव कोणाला ठाऊक नाही. ‘निळ्या वस्त्रातील स्त्री’ एवढीच तिची ओळख, कारण तिचा वरचा पोशाख निळीने रंगविलेला होता. युरोपात वोड नावाच्या झुडपापासून हा रंग काढीत. त्यातील रंगद्रव्य आणि आपल्या निळीतील रंगद्रव्य रसायनदृष्ट्या एकच. कापडाच्या धंद्यातील वाचकांना हे सांगण्याचा मोह आवरत नाही.

त्या काळी बेटावर व्यवहार चांदीत होत. चांदी बाहेरून येई, आणि पुढे ती येईनाशी झाली. अकराव्या शतकापासून तिची जागा ‘वादमाल’ नावाच्या जाड लोकरी कापडाने घेतली. मेंढ्या होत्या, लोकर होती आणि घराघरांत बायका होत्या. माग उभा, वरच्या आडव्या दांडीवरून ताणे खाली सोडलेले आणि ते ताठ राहावेत म्हणून खाली दगड बांधलेले. असे भोके पाडलेले दगड तेथील संग्रहालयांत ठिकठिकाणी दिसतात. विणकर स्त्री मागासमोर बसत नसे, उभी राहून विणी. मिशेल हेयर स्मिथ या पुरातत्त्वज्ञ विदुषीने उत्खननांतील कापडाचे असंख्य तुकडे घेऊन त्यांतील धागे मोजले. त्यांच्या २०२० सालच्या ग्रंथाचे सार असे की आरंभीच्या शतकांत विणीचे अनेक प्रकार दिसतात, आणि कापड चलन झाल्यावर सर्वत्र एकाच तिरप्या विणीचे, जवळपास एकाच दाटीचे कापड मिळू लागते. टांकसाळीतून जसे सारखे नाणे पडावे तसे. फरक एवढाच की ही टांकसाळ शेकडो शेतघरांत विखुरलेली होती आणि तिच्या चालविणाऱ्या स्त्रिया होत्या. कायदे आणि सागा नावाच्या कथा यांत भांडणारे पुरुषच सतत बोलतात. देशाचे चलन कोण निर्माण करीत होते, हे चिंध्या मोजल्यावर कळले.

एका चातीवर मात्र नाव आहे. रेक्याविकमध्ये संसदभवनाजवळच्या उत्खननात लाल दगडाची चाती सापडली; तिच्यावर जुन्या रून लिपीत कोरले आहे की ही विलबोर्गची आहे.

मापाचे एकक ‘आलिन’, म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतची लांबी. आपला ‘हात’च तो. सहा हात कापड म्हणजे कायद्याने एक औंस. एका दुभत्या गाईची किंमत शंभर हात. मात्र त्यांचे शंभर म्हणजे एकशेवीस. आंब्याच्या बाजारातील जुना शेकडा ज्यांना आठवतो त्यांना याचे नवल वाटणार नाही. एका गाईच्या बदल्यात सहा मेंढ्या, हेही दर ठरलेले. दरांच्या अशा याद्या लेखी ठेवलेल्या असत.

कापड हेच नाणे असले की फसवणुकीची जागाही तीच. कोणाचा हात लांब, कोणाचा आखूड. घेताना एक माप आणि देताना दुसरे. इ.स. १२०० च्या सुमारास पाउल योन्सन हे स्काल्होल्टचे बिशप असताना या तक्रारींवर उपाय निघाला. दोन हातांची ‘स्तिका’ नावाची काठी हे अधिकृत माप ठरले आणि तिची लांबी थिंगवेलिर येथील चर्चच्या भिंतीवर खुणा करून दाखवावी असा नियम झाला. थिंगवेलिर म्हणजे इ.स. ९३० पासून दर उन्हाळ्यात जेथे सारा देश न्यायनिवाड्यासाठी आणि देवघेवीसाठी जमे ते मैदान. दफनभूमी असलेल्या इतर चर्चांच्या भिंतींवरही ही खूण करायची होती. आजही थिंगवेलिरच्या चर्चसमोर हाताच्या मापाच्या खुणा असलेला एक दगड उभा आहे. धबधबा पाहायला धावणारे प्रवासी त्याच्याकडे बघतही नाहीत.

अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोटे माप आणि खोटे तोल यांची स्पष्ट गणना आहे, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. माझ्या वडिलांच्या दुकानात गल्ल्याशेजारी लोखंडी गज टांगलेला असे. गिऱ्हाइकाने मागितला तर तो त्याच्याच हाती द्यायचा, असा त्यांचा शिरस्ता होता. तेराव्या शतकाच्या उंबरठ्यावर एका धर्मगुरूने देवळाच्या भिंतीवर गज कोरायला लावला, हे वाचून तो गज आठवल्यावाचून राहिला नाही. त्या बिशपांची दगडी शवपेटी १९५४ साली स्काल्होल्टच्या उत्खननात जशीच्या तशी सापडली. आत त्यांचा धर्मदंड होता. वॉलरसच्या सुळ्यातून कोरलेली त्याची मूठ राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ‘कुशल मार्ग्रेट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या काळच्या एका स्त्रीने ती कोरली असावी असे मानतात. कोरीव काम अप्रतिम आहे. सुळा कोठून आला, हेही आपल्याला दिसतेच.

हा दुसरा विचार त्या देशात पावलोपावली सोबत असतो. थ्योर्सारदालुर खोऱ्यातील स्तोंग नावाचे शेतघर ११०४ सालच्या हेक्ला ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. १९३९ साली ते खणून काढले आणि पुढे त्याची पूर्णाकृती प्रतिकृती जवळच बांधली. कोठीघरात जमिनीत पुरलेल्या मोठ्या पिंपांच्या खुणा होत्या. त्यांत दह्यासारखे स्किर आणि आंबट निवळी साठवीत. त्या निवळीतच मांसही मुरवून ठेवीत. धान्य नाही, भाजी नाही, आठ महिने थंडी. तेथील माणसाने काय खावे, याचा निवाडा आपण आपल्या ताटावरून करू नये. पण पाहताना मन आक्रसते, तेही लपवू नये.

अशा वेळी राष्ट्रीय संग्रहालयातील एका दारासमोर जाऊन उभे राहावे. वाल्थ्योफ्स्तादुर येथील चर्चचे हे लाकडी दार इ.स. १२०० च्या सुमाराचे. त्यावर दोन मोठी वर्तुळे कोरलेली आहेत. खालच्यात एकमेकांत गुंतलेले चार सर्प. वरच्या वर्तुळात कथा: एक घोडेस्वार सर्पराक्षसाच्या विळख्यातून सिंहाला सोडवितो, मग तो सिंह स्वाराच्या मागे मागे चालतो, आणि शेवटी स्वार मरतो तेव्हा सिंह त्याच्या समाधीवर शोकाने पडून राहतो. कथा फ्रान्सकडून आलेली. कोरणाऱ्याने सिंह कधी पाहिलेला असणे शक्य नाही. तरी भगवान महावीरांच्या लांछनाशी परिचित असलेल्या डोळ्यांना तो सिंह परका वाटत नाही. हे दारही डेन्मार्कला गेले होते. १९३० साली परत आले.

आता ग्रंथांकडे. त्यासाठी संग्रहालयाबाहेरचा फक्त एक रस्ता ओलांडायचा. पलीकडे ‘एद्दा’ ही लंबगोल इमारत २०२३ साली उघडली. तिच्या बाहेरच्या भिंतींवर हस्तलिखितांतील अक्षरे उमटविलेली आहेत. २०२४ च्या अखेरीस तेथे ‘शब्दांतील जग’ या अर्थाच्या नावाचे प्रदर्शन सुरू झाले. मंद प्रकाशात, काचेआड, बाराव्या-तेराव्या शतकानंतरच्या पोथ्या. त्यांतली सर्वांत नामांकित ‘कोडेक्स रेगियस’. उत्तरेकडील प्राचीन देवदेवतांची काव्ये जिच्यामुळे जगाला ठाऊक झाली ती ही पोथी १२७० च्या सुमाराची, ४५ पानांची. वीतभर उंचीची, मळकी, चित्रेही नसलेली. शेजारच्या कोणा गृहिणीची जमाखर्चाची वही वाटावी.

तिच्या उलट ‘फ्लातेयारबोक’. १३८७ नंतरच्या काही वर्षांत दोन पाद्र्यांनी एका श्रीमंत शेतकऱ्यासाठी ती लिहिली. पुढे भर पडून तिची पाने २२५ झाली. पान एवढे मोठे की एका कातड्यातून दोनच निघत. म्हणजे ११३ वासरे.

जैन वाचक या आकड्यापाशी थांबेल, आणि थांबावेही. आपल्याकडे ताडपत्र, पुढे कागद. रेशमी रुमालात बांधलेली पोथी, लाकडी पाट्या. ज्ञानाच्या उपकरणाला पाय लागला तरी आपण आशातना मानतो. मग ज्याचे पानच जीवहिंसेतून आलेले आहे त्या ग्रंथासमोर हात जोडावेत का? मला याचे सरळ उत्तर सापडले नाही. त्या देशात ताडाचे झाड नाही, कागद पोचायला सोळावे शतक उजाडले, आणि गवत इतके मोजके की जन्मलेली सगळी वासरे हिवाळाभर पोसणे शक्य नसे. दूधदुभत्यावर चालणाऱ्या संसारात नर वासराचे काय होते, हा प्रश्न केवळ आइसलंडचा नाही. दूध आपणही घेतो. मी हात जोडले नाहीत. पण काचेपासून लवकर हललोही नाही.

एक गोष्ट मनात घोळत राहिली. ज्या बाराव्या शतकात पाटणला कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्य व्याकरण रचीत होते, त्याच शतकात या बेटावर आरी थोर्गिल्सन नावाचा पाद्री आपल्या भाषेत देशाचा पहिला इतिहास लिहीत होता. कायदे लिहून काढण्याचे काम त्याच्या थोडे आधी, १११७-१८ च्या हिवाळ्यात, एका शेतघरात सुरू झाले होते. एकीकडे चालुक्यांचे वैभवशाली नगर आणि राजाश्रय, दुसरीकडे गवती छपराखालची चूल. लिहिण्याची निकड मात्र तीच. बेअरबेरी नावाचे रानटी झुडूप उकळून शाई, पक्ष्याच्या पिसाची लेखणी. रात्री एकाने दिव्याशी पोथी वाचायची आणि बाकीच्यांनी ऐकत ऐकत सूत काढायचे, विणायचे, ही रीत अगदी अलीकडच्या शतकांपर्यंत चालू होती. कापड आणि ग्रंथ एकाच खोलीत, एकाच दिव्याखाली तयार होत होते.

पुढे वाईट दिवस आले. कागदावर नव्या प्रती झाल्या, जुनी अक्षरे वाचता येईनात, आणि कातडे तर टिकाऊ. लोकांनी पोथ्यांची पाने कापून जोड्यांत घातली. एका सागाच्या पोथीचे पान अंगरख्याच्या बेतासाठी नमुना म्हणून कातरले गेले. स्काल्होल्टच्या बिशपांच्या टोपीला ताठपणा यावा म्हणून एका प्रेमकथेची पाने तिच्या अस्तरात शिवली गेली. हे तुकडे आज उपलब्ध आहेत याचे श्रेय एका माणसाला.

आर्नी माग्नुसन, जन्म १६६३. कोपनहेगनच्या विद्यापीठात प्राध्यापक. डॅनिश राजाने त्यांना जमिनींची नोंद करण्यासाठी बेटावर पाठविले. १७०२ ते १७१२ ही दहा वर्षे ते घरोघर हिंडले. १७०३ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने संपूर्ण देशाची नावनिशीवार शिरगणती केली: ५०,३५८ माणसे. तो हिशेब करता करता ते प्रत्येक घरी एकच विचारीत, जुने पान आहे का? विकत घेत, मागून घेत, उसने घेऊन नक्कल करीत. अर्धे पान, चिंधी, जोड्याचा तळ, काहीही. मिळालेल्या पानाबरोबर ते कोणाकडून आणि कोठे मिळाले याची चिठ्ठी ठेवीत. खतावणीची शिस्त ज्याला म्हणतात ती हीच. १७२० साली ५५ पेट्या जहाजाने कोपनहेगनला पोचल्या. आणि १७२८ च्या ऑक्टोबरात ते शहर तीन दिवस जळत होते. आर्नींना आग आपल्या घरापर्यंत येईल असे वाटले नाही. आवराआवर उशिरा सुरू झाली. चर्मपत्रांपैकी बहुतेक वाचली, छापील पुस्तके आणि कागदपत्रे मोठ्या प्रमाणावर गेली. सव्वा वर्षाने, जानेवारी १७३० मध्ये, आर्नी वारले. संग्रह त्यांनी विद्यापीठाच्या नावे केला होता.

येथून एक वेगळाच व्यवहार सुरू होतो. १९४४ साली आइसलंड प्रजासत्ताक झाले आणि त्याने पोथ्या मागितल्या. डेन्मार्कचे म्हणणे असे की संग्रह मृत्युपत्राने विद्यापीठाला मिळालेला आहे. कायद्याने तो आमचा. आइसलंडचे म्हणणे असे की या पोथ्या आमच्या घरांतून गेल्या. दोन्ही बाजू खऱ्या. डॅनिश संसदेने १९६१ साली परत देण्याचा कायदा केला, १९६५ साली पुन्हा केला. विरोधक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि हरले. २१ एप्रिल १९७१ रोजी डॅनिश नौदलाचे जहाज रेक्याविकच्या धक्क्याला लागले. त्यात पहिल्या दोन पोथ्या होत्या, वीतभर कोडेक्स रेगियस आणि अवजड फ्लातेयारबोक. शाळा आणि दुकाने बंद होती. धक्क्यावर सुमारे पंधरा हजार माणसे उभी होती. उरलेल्या पोथ्या टप्प्याटप्प्याने येत राहिल्या आणि १९९७ साली हे काम पुरे झाले. संग्रहाचा मोठा भाग कोपनहेगनलाच राहिला, तोही ठरवून. एकेकाळच्या धन्याने एकेकाळच्या प्रजेला, युद्ध वा सक्ती नसताना, स्वतःच्या कायद्याने असे काही परत केल्याची उदाहरणे फार नाहीत.

हे वाचताना आपल्या भांडारांची आठवण येणारच. मूडबिद्रीच्या भांडारात धवला ग्रंथाच्या ताडपत्री प्रती शतकानुशतके केवळ दर्शनासाठी उघडत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांनी पुढाकार घेतला तेव्हा नकलेचे काम सुरू झाले, आणि डॉ. हिरालाल जैन यांनी संपादिलेला पहिला खंड छापून बाहेर पडला तो १९३९ साली, आपल्या अमरावतीहून. दोघेही शेठ व्यापारी होते. भांडाराच्या रक्षकांची भीतीही निराधार नव्हती. पोथी दाराबाहेर गेली की परत येतेच असे नाही, हे त्यांनी पाहिले होते. कोपनहेगनमधील आग ठाऊक झाल्यावर ती भीती मला अधिक समजते. ज्ञानपंचमीला आणि श्रुतपंचमीला आपण पोथ्या बाहेर काढतो, धूळ झटकतो, पूजतो. पण पूजेनंतर रुमालाची गाठ सुटून आतले पान किती घरांत वाचले जाते?

जाणाऱ्यांसाठी थोडे. हल्ली मुंबई-पुण्याकडील आपली पुष्कळ कुटुंबे उत्तरेचा प्रकाश पाहण्यासाठी आइसलंडला जातात. आकाश ढगाळ निघाले तर दिवस हॉटेलात काढतात. तो दिवस या दोन इमारतींना द्यावा. सकाळी कापड पाहावे, दुपारी ग्रंथ. मुलांना रूनमधील चाती आणि दारावरचा सिंह शोधायला सांगावे. आणि अंगरख्यासाठी कातरलेल्या त्या पानाचे छायाचित्र कोठे मिळालेच तर नीट न्याहाळावे. शिंप्याची कात्री जेथून वळली तेथे वाक्य तुटले आहे, आणि कापडाचा बेत मात्र अगदी बरोबर आहे.